आजी म्हणते, मला घरी जायचंय

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घरातले वडीलधारे माणूस तेच तेच विचारू लागले, ठेवलेली वस्तू विसरू लागले, की आपण म्हणतो, म्हातारचळ लागला. कोणी म्हणते, भ्रम झाला. कोणी हसून म्हणते, आता आजोबांचे दुसरे बालपण सुरू झाले. या बोलण्यात दुष्टावा नसतो, पुष्कळदा मायाच असते. पण एक चूक मात्र असते. म्हातारपण आणि आजार या दोन निराळ्या गोष्टी आपण एकाच पोत्यात भरतो.

वय झाले की थोडे विसरायला होते, ते चालायचेच. चष्मा कोठे ठेवला हे आठवेना, तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण चष्मा हातात धरून 'हे काय आहे?' असे विचारण्याची पाळी आली, तर ती गोष्ट वेगळी. ज्याने जन्मभर बैलबाजारात तोंडी हिशेब केले, तो दुकानात दहा-वीस रुपये मोजताना अडखळतो. जिच्या हातच्या भाकरीचे गावात नाव, ती पीठ मळून बसते आणि पुढे काय करायचे ते तिला सुचत नाही. रोजच्या पायवाटेवर वाट चुकते. असे होऊ लागले की ते नुसते वय नव्हे. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात आणि तो मेंदूचा आजार आहे.

या आजाराच्या सर्वांत मोठ्या प्रकाराला आल्झायमर या जर्मन डॉक्टरांचे नाव मिळाले आहे. त्यांनी १९०६ साली ट्यूबिंगेन शहरात डॉक्टरांच्या सभेत एका बाईची हकीकत मांडली. ही बाई इस्पितळात आली तेव्हा तिचे वय होते अवघे एकावन्न. म्हणजे साठीही नव्हती! दुसरा मोठा प्रकार मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबल्याने होतो. त्याची मुळे रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू-विडी यांच्यात असतात. आपल्या देशात साठीच्या पुढच्या माणसांत शंभरांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, सगळे मिळून जवळजवळ अठ्ठ्याऐंशी लाख, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत निघाला. त्याच पाहणीत असेही दिसले की पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त आहे. हा शहरी लोकांचा आजार, आपल्याकडे कुठला, असे मानून स्वस्थ बसण्याची सोय नाही.

येथे एक सांगून ठेवतो. विसरणारे प्रत्येक म्हातारे माणूस या आजाराचे नसते. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले, थायरॉइडची तक्रार असली, मन खचले, कानाने ऐकू येईनासे झाले, घसरून पडल्यावर डोक्यात रक्त साकळले, तरी अशीच लक्षणे दिसतात. यांतल्या पुष्कळ गोष्टींवर उपचार आहेत. आणि कालपर्यंत ठीक असलेले माणूस आज एकाएकी बरळू लागले, तर वाट पाहू नये. ताप, लघवीतला जंतुदोष किंवा अंगातले पाणी कमी होणे याने तसे होते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

खऱ्या स्मृतिभ्रंशाला मात्र मुळापासून बरे करणारे औषध आज तरी नाही. काही गोळ्यांनी थोडा आधार मिळतो. बाकी सारी मदार शुश्रूषेवर, आणि ही शुश्रूषा सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. म्हणून आजचे हे बोलणे.

आधी तपासणीचेच पाहा. अमेरिकेत १९७५ साली स्मरणशक्ती तपासण्याची एक छोटी प्रश्नावली तयार झाली आणि ती जगभर गेली. तीत विचारतात, आजची तारीख काय? शंभरातून सात वजा करा, पुन्हा सात वजा करा. कागदावर लिहिलेले वाचा आणि तसे करा. एक वाक्य लिहून दाखवा. आता जी बाई कधी शाळेची पायरी चढली नाही, जिचा सारा कारभार तिथी, वार आणि बाजाराच्या दिवसावर चालला, ती या परीक्षेत धडधाकट असूनही नापास व्हायची. हरियाणातल्या बल्लभगढ भागात खेड्यापाड्यांतल्या वृद्धांची पाहणी करणाऱ्या डॉक्टरांपुढे हीच अडचण आली. त्यांनी प्रश्नच बदलले. वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काहीतरी सांगा असे म्हटले. वाचून डोळे मिटण्याऐवजी, मी करतो तसे करा, म्हणून डॉक्टरांनी स्वतः डोळे मिटून दाखवले. १९९५ साली ही हिंदी प्रश्नावली प्रसिद्ध झाली. शिक्षक मंडळींना यातले मर्म लगेच कळेल. मुलाला येत नाही की आपला प्रश्नच त्याच्या भाषेतला नाही, हा पेच तुमच्यापुढे रोज असतो. तेव्हा तपासायला नेताना घरच्यांनी डॉक्टरांना आपण होऊन सांगावे की आजी शिकलेली नाही, ती तारीख कधीच पाहत नसे, पण एकादशी कधी चुकत नसे. 'यंदा तिला एकादशीही आठवत नाही' ही माहिती डॉक्टरांच्या फार उपयोगाची असते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. हा आजार आठवणी कोणत्या क्रमाने नेतो? पूर्वी आपल्याकडे जमिनीत पेव असे. त्यात शेवटी ओतलेले धान्य वर राही आणि उपसताना तेच आधी निघे. तळाचे धान्य सगळ्यांत शेवटी. स्मृतीचे साधारण तसेच होते. सकाळचे जेवण आठवत नाही, काल आलेला पाहुणा आठवत नाही, नातवंडांची नावे पुसट होतात. पण लहानपणची विहीर, आईची हाक, पहिली भाषा, जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्या, हे तळाशी शाबूत राहते. उपमा उपमेपुरतीच घ्यावी, मेंदू म्हणजे काही पेव नव्हे. तरी एवढे खरे की रुग्णाशी जे काही साधायचे ते या तळाच्या शिल्लकीतून साधावे लागते. आणि ही शिल्लक ज्याची त्याची वेगळी. वारकऱ्याची वेगळी, कोळ्याची वेगळी, मेळघाटातल्या कोरकूची वेगळी.

आपल्या बायकांच्या बाबतीत तर यात आणखी एक पदर आहे. नव्वदीला टेकलेली आजी संध्याकाळ झाली की बोचके बांधते आणि म्हणते, "मला घरी जायचंय." मुलगा म्हणतो, "अगं आई, हेच तुझं घर. सत्तर वर्षं झाली इथं येऊन." तो पुन्हा पुन्हा समजावतो, ती जास्तच चिडते, रडते, दाराशी धावते. मुलाला वाटते, आई हट्टाला पेटली. पण पेवातले वरचे धान्य संपले आहे, हे ध्यानात घ्या. सत्तर वर्षांचा संसार वरच्या थरात होता. तिच्या मनात आता घर म्हणजे माहेर. तिचे आईवडील, भाऊ, गोठ्यातली गाय, सारे तेथे आहे आणि दिवस मावळत चालला आहे. चौदा-पंधरा वर्षांची पोर परक्या घरी अडकावी, तशी ती घाबरलेली असते.

अशा वेळी वाद घालू नये. "घरी कोण कोण आहे गं? दारात कसलं झाड होतं?" असे विचारावे. तिला बोलू द्यावे. अंगणातून एक फेरी मारून आणावी, हातात निवडायला थोडे तांदूळ द्यावेत. पुष्कळदा तेवढ्याने ती शांत होते. नेहमीच होईल असे मी म्हणणार नाही.

नावाचेही तसेच. आपल्याकडे कितीतरी घरांत लग्नात मुलीचे नाव बदलत. ताटात तांदूळ पसरून त्यावर नवे नाव लिहीत. माहेरची चंद्रा सासरी सरस्वती होई. आता दवाखान्यातल्या कागदावर सरस्वतीबाई असते, परिचारिका त्याच नावाने हाका मारते, आणि आजी ढिम्म! सगळे म्हणतात, तिला काही कळतच नाही. एकदा 'चंद्रे' म्हणून हाक मारून पाहावी. माहेरचे नाव कोणाला ठाऊक नसेल तर तिच्या भावकीत विचारून घ्यावे. भाऊ हयात असेल तोवरच ते कळणार.

भाषेची गोष्ट याहून अवघड आहे. मोठेपणी शिकलेली भाषा अनेकांची आधी जाते आणि पहिली बोली उरते. गडचिरोलीकडचा गोंड किंवा माडिया म्हातारा, नंदुरबारकडची भिल्ल आजी, जन्मभर बाजारात मराठी बोललेली माणसे, पण आता मराठी प्रश्नाला उत्तर देत नाहीत. सावंतवाडीकडची मालवणी बोलणारी आजी पुण्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये गेली आणि नातसून शुद्ध मराठीत गोड बोलली, तरी ते तिला परकेच वाटते. हे आपल्याकडेच घडते असे नाही. फिनलंडमधून स्वीडनमध्ये जाऊन राहिलेल्या वृद्धांचा तेथे अभ्यास झाला आहे. स्मृतिभ्रंश झाल्यावर त्यांची स्वीडिश ओसरली, आणि फिनिश बोलणारे शुश्रूषक भेटले तेव्हा तीच माणसे जास्त बोलू लागली, अधिक स्वस्थ झाली. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरून इस्रायलला गेलेले बेने इस्राएल घ्या. त्यांची घरातली भाषा मराठी. तिथल्या एखाद्या म्हातारीने मध्यरात्री 'पाणी' मागितले, तर हिब्रू बोलणाऱ्या परिचारिकेला ते कसे कळावे? म्हणून घरच्यांनी रोजच्या गरजेचे दहा-पंधरा शब्द, पाणी, भूक, दुखणे, लघवी, थंडी, रुग्णाच्या बोलीत लिहून शुश्रूषा करणाऱ्याच्या हाती द्यावेत. काम लहान आहे, पण ते कोणी करत नाही.

देवधर्म, खाणेपिणे यांचेही सूत्र तेच. हरिपाठ म्हणणाऱ्या आजोबांच्या हाती टाळ द्या, शब्द आपोआप ओठांवर येतील. स्वतःच्या मुलाचे नाव विसरलेला माणूस अभंग मात्र अखेरपर्यंत म्हणतो, हे अनेक घरांनी पाहिले आहे. कोकणातले मुसलमान आजोबा नमाज पढताना रकात विसरतात, एकच नमाज दोनदा पढतात. त्यांना मध्येच टोकू नये, शेजारी कोणी उभे राहावे म्हणजे पाहून ते करतात. ज्याची समज गेली त्याच्यावर धर्माचे बंधन उरत नाही, हे त्यांच्या घरच्यांना माहीत असतेच. वसईकडच्या ख्रिस्ती आजीच्या बोटांना रोझरीची माळ हवी असते. जी बाई कधी मांसमच्छी शिवली नाही तिला ताकद यावी म्हणून चोरून अंडे घालू नये, आणि ज्याला मासळीशिवाय घास गेला नाही त्याच्यापुढे दवाखान्याची फिकी खिचडी ठेवून 'खात नाही' अशी तक्रारही करू नये. उपासाचे मात्र जपावे. आजी एकादशी म्हणून अडून बसते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकादशी. तेव्हा राजगिरा, शेंगदाणे, दूध असे उपासाचेच पण अंगी लागेल असे द्यावे. मधुमेहाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारावे.

आंघोळीवरून घरोघरी रणे माजतात. जिने सारा जन्म पदर डोक्यावरून ढळू दिला नाही, तिचे लुगडे कोणी ओढून सोडू लागले, तर ती मारायला उठेल नाही तर काय करील? आपण कोण हे तिला ओळखू येत नाही, हे विसरू नये. शक्य तो बाईनेच न्हाऊ घालावे, अंगावर एक वस्त्र राहू द्यावे, त्यावरूनच पाणी घालावे आणि ओले लुगडे कोरड्याच्या आडोशाने फेडावे. आधी हातावर कोमट पाणी ओतून दाखवावे. रोजची आंघोळ एखादा दिवस चुकली तर काही बिघडत नाही. नऊवारी नेसवणे जमेना झाले तर गाऊन घाला, पण वर पदरासारखे काहीतरी द्या.

आता जरा कडू बोलतो. या आजारात सुनेचे फार हाल होतात. सासूने तासापूर्वी जेवलेले असते. ते ती विसरते, आणि ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "सून मला जेवायला देत नाही." डोरले स्वतःच तांदळाच्या डब्यात लपवते आणि "हिनं चोरलं" म्हणून गाव गोळा करते. गावाला काय, सासू-सुनेची कथा आयतीच पाठ असते. जी रात्ररात्र जागते तिच्याच तोंडाला काळे फासले जाते. सासू खोटे बोलत नसते. मेंदूत रिकामी पडलेली जागा ती जमेल तशी भरून काढत असते. हे शेजाऱ्यांना कोणी सांगायचे? सुनेने सांगितले तर कोण ऐकणार! हे काम गुरुजींनी, ग्रामसेवकांनी, आशाताईंनी करण्यासारखे आहे. मुलानेही चारचौघांत एवढे म्हणावे, "आईला आजार आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, बायकोची काही चूक नाही." त्या एका वाक्याने त्या बाईला किती बळ येते, ते बोलून पाहिल्याशिवाय कळायचे नाही.

दुसरे, भगताकडे नेण्याचे. रात्री उठून कोणाशी तरी बोलणे, मेलेली माणसे दिसणे, ओळखीच्या घरच्यांना परके म्हणणे ही सारी या आजाराचीच लक्षणे आहेत. ती पाहून करणी झाली, वारे लागले असे म्हणून धुरी देणे, मारणे, उपाशी ठेवणे हा गुन्हा आहे. त्यासाठी महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. सातपुड्याच्या बाजूला तर एकट्यादुकट्या म्हातारीला डाकीण ठरवण्यापर्यंत मजल जाते. तेथे असा आजार ओळखता येणे म्हणजे एक जीव वाचणे. मात्र देवाला नारळ ठेवायला, अंगारा लावायला माझी काही हरकत नाही. त्याने घरच्यांच्या मनाला धीर येतो. डॉक्टरांची चिठ्ठी खिशात असली म्हणजे झाले.

तिसरी गोष्ट सांगितली की काही मंडळी रागावतील. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले की भांड्याकुंड्यांबरोबर आईबापही वाटून घेतात. दोन महिने थोरल्याकडे, दोन महिने मधल्याकडे, मग धाकट्याकडे मुंबईला. यात न्याय आहे असे भावांना वाटते. पण स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला ही फिरती फार बाधते. नवे घर, नवी मोरी, नवा दिवा लावायचा खटका, यांतले काहीच आता त्याच्या डोक्यात बसत नाही. जुन्या घरात सवयीने न्हाणीपर्यंत जाणारी आई पाचव्या मजल्यावर दिशा चुकते आणि कपडे खराब करते. चुलीची सवय असलेली बाई गॅसचा खटका फिरवून तसाच सोडते. तेव्हा आईला एकाच ठिकाणी राहू द्यावे आणि बाकीच्या भावांनी, भावजयींनी आळीपाळीने तेथे येऊन राहावे. पैसा द्यावा, रात्रीची जागरणे वाटून घ्यावीत. जी जन्मभर तेथे राबते तिला वर्षातून दोनदा तरी आठ-आठ दिवस माहेरी धाडावे. थोरल्या वहिनींनाही माहेर आहे, हे धाकट्या भावांच्या फार उशिरा लक्षात येते.

माणूस भटकत दूर जाण्याची भीती असते, विशेषतः जत्रेच्या, वारीच्या गर्दीत. पूर्वी बायका हातावर नाव गोंदवून घेत. आता सदऱ्याच्या किंवा झंपराच्या आतल्या बाजूला नाव, गाव, मोबाइल क्रमांक लिहिलेली पट्टी शिवून टाकावी. पट्टी बाहेरून दिसू नये, माणसाची लाज राहावी.

सल्ला घ्यायचा तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाची चिठ्ठी घेता येते. टेलि-मानस ही सरकारी सेवा २०२२ साली सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६, तेथे मराठीत बोलता येते आणि रात्री-अपरात्रीही फोन लागतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा क्रमांक निराळा आहे. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

आता शिक्षकांसाठी एक काम. सातवी-आठवीच्या मुलांना सुट्टीत घरच्या आजी-आजोबांची एक वही करायला सांगा. आजार असो वा नसो. चांगली धडधाकट माणसे सांगू शकतात तोवरच ती व्हायला हवी. वहीत लिहावे: माहेरचे नाव, माहेरचे गाव, आईला काय म्हणत, भावंडे कोण, लहानपणी घरात कोणती बोली होती. कामधंदा काय केला. कोणती भाजी आवडते, कोणती मुळीच चालत नाही. कोणती ओवी, कोणता अभंग, कोणते गाणे पाठ आहे. कशाची भीती वाटते. झोपताना कोणत्या कुशीवर, उशाशी काय लागते. १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ यांतले काय आठवते. मुले हे आनंदाने लिहितात आणि एरवी घरात कोणी न विचारलेले प्रश्न विचारतात. वही कपाटात कोंबू नये. रेशनकार्ड आणि दवाखान्याच्या कागदांबरोबर एकाच पिशवीत ठेवावी, म्हणजे रात्री घाईने निघावे लागले तरी बरोबर जाते.